तालुक्याच्या गावात फक्त पुस्तकांचं दुकान : चालेल का? (भोर)

वरंधा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, सांभाळून घ्या.

बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. राहतो पुण्यात, वारज्याला, मूळ गाव भोर. तिथे राजवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आमचं जुनं घर आहे, दर्शनी बाजूला दोनशे स्क्वेअर फुटांचा गाळा आहे, इतकी वर्षं एका टेलरकडे भाड्याने होता, आता रिकामा झालाय. घरचे म्हणतात मोबाईलवाल्याला दे, भाडं बरं येईल. माझ्या डोक्यात पुस्तकांचं दुकान घोळतंय. फक्त पुस्तकं. वह्या, पेनं, झेरॉक्स, लॅमिनेशन, रिचार्ज यातलं काही नको. गाईडं गावात मिळतातच, पण कादंबरी, चरित्र किंवा लहान मुलांचं बरं पुस्तक हातात घेऊन, चाळून घ्यायचं तर माणूस स्वारगेटची एसटी धरतो आणि अप्पा बळवंत चौकात येतो.

हातात सहा लाख आहेत, त्यावर एक रुपया घालणार नाही असं बायकोला कबूल केलंय. तर हे चालेल का, माल उधारीवर मिळतो का, आणि किती दिवस खिशातून घालावे लागतील? "करू नका" म्हणणाऱ्यांचंही स्वागत आहे, फक्त का ते लिहा.

गवतीचहा
करा करा करा! उद्घाटनाला बोलवा, मी माझी स्वतःची गाडी घेऊन येईन आणि रिकाम्या हाताने जाणार नाही.

सदाशिव_पेठी
दुकान दुपारी एक ते चार बंद ठेवणार असाल तर भोरला जायची काय गरज, इथेच काढा की. 🙂

निनाद७
स्पष्ट लिहितो, राग नसावा. कॅम्पातलं मॅनीज हे पुस्तकांचं जुनं दुकान २०१२ मध्ये बंद झालं. ते पुण्यात, तेही कॅम्पात, पिढ्यान्‌पिढ्यांचं गिऱ्हाईक असताना. भोरची वस्ती वीस हजाराच्या आसपास. त्यात वाचणारे किती, वाचणाऱ्यांतले विकत घेणारे किती, आणि त्यातले मोबाईलवर वीस-पंचवीस टक्के सूट दिसत असताना तुमच्याकडे छापील किमतीला घेणारे किती? सहा लाख एफडीत ठेवा आणि दर महिन्याच्या व्याजातून पुस्तकं घेऊन गावातल्या शाळेला भेट द्या. पुण्य जास्त, ताप कमी.

खजिनदार
मी पंधरा-सोळा वर्षं पुस्तकांच्या वितरकाकडे काम केलं, तालुक्यांच्या गावांना माल पोचवणं हेच काम, त्यामुळे थोडा हिशोब मांडतो, भावना बाकीचे मांडतीलच.

मराठी पुस्तकावर किरकोळ दुकानदाराला साधारण पंचवीस ते पस्तीस टक्के कमिशन मिळतं. थेट प्रकाशकाकडून मोठी ऑर्डर रोखीने उचललीत तर वर सरकतं, चार-चार प्रती मागवल्यात तर खाली. आपण तीस धरू. पुस्तकाची सरासरी किंमत अडीचशे धरली तर एका पुस्तकामागे पंच्याहत्तर रुपये सुटतात. आता गिऱ्हाईक म्हणतं "काही कमी नाही का", तुम्ही दहा टक्के सोडता, राहिले पन्नास.

महिन्याचा खर्च : एक मदतनीस मुलगा किंवा मुलगी, लाईट, पुण्याहून गठ्ठे आणायचं भाडं, पिशव्या, फोन, किरकोळ. कितीही हात आखडला तरी पंधरा हजार. म्हणजे सूट न देता महिन्याला दोनशे पुस्तकं, सूट देऊन तीनशे. रोजची आठ किंवा बारा. यात तुमचा पगार शून्य आहे हे लक्षात घ्या. आणि गाळा घरचा आहे म्हणून भाडं शून्य धरू नका! मोबाईलवाला साडेसात हजार देणार असेल तर ते साडेसात हजार दुकानाच्या नावे खर्ची टाकायचे. तसं धरलं तर सूट न देता तीनशे आणि सूट देऊन साडेचारशे पुस्तकं. रोजची सतरा. भोरात, आषाढातसुद्धा.

माल दोन रीतींनी मिळतो, रोखीने किंवा जांगड. जांगड म्हणजे विकलं तर पैसे, नाही तर माल परत. नव्या माणसाला जांगड कोणी सहजासहजी देत नाही, आणि दिला तरी कमिशन कमी करून. वर्षभर रोखीने व्यवहार ठेवा, चलनं नीट जपा, सांगितलेल्या तारखेला पैसे द्या, मग प्रकाशक स्वतःच म्हणतो "राहू द्या हो, पुढच्या खेपेला बघू". सहा लाखांतले दीड फर्निचरला, तीन मालाला, आणि दीड बँकेत तसेच. तीन लाखांत वरच्या हिशोबाने सतराशे प्रती येतात. ऐकायला खूप वाटतात, पण दोनशे फुटांच्या भिंतींना मांडल्यावर मधे रिकाम्या फळ्या दिसतात.

गवतीचहा
खजिनदार, तुमचा प्रतिसाद वाचून माझी गाडी खेड शिवापूरच्या टोलनाक्यावरूनच परत फिरली. 😀

पुठ्ठा
सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझं दुकान आहे, बरीच वर्षं झाली, अजून उभं आहे म्हणून लिहितो. वरंधासाहेब, "वह्या-पेनं नको" हे पहिल्यांदा डोक्यातून काढा. माझ्याकडे जून-जुलैत वह्या, कव्हरं, कंपासपेट्या यांची जी विक्री होते तिच्यावर माझी ऑक्टोबरपर्यंतची कवितेची फळी जगते. अवांतर पुस्तकं हा माझ्या दुकानाचा देवघराचा कोपरा आहे, स्वयंपाकघर दुसरीकडे.

शिवाय आता सोपं झालंय. छापील पुस्तकांवर जीएसटी नव्हताच, २२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांच्यावरचाही गेला. पेनावर अजून आहे.

खजिनदार
त्यात भर. नुसती पुस्तकं विकणार असाल तर जीएसटी नोंदणी लागतच नाही, सगळा माल करमुक्त. पेनं ठेवलीत तरी वर्षाची एकूण उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर लागत नाही. तिथवर पोचलात तर पेढे पाठवा. दुकान कायद्याचंही, वीसपेक्षा कमी कामगार असतील तर फक्त ऑनलाइन सूचना द्यायची असते. कागदपत्रांना घाबरण्यासारखं काही नाही, घाबरायचं ते न खपलेल्या मालाला.

अनुस्वार
पुठ्ठादादांबद्दल आदर आहे, पण मी याच्या अगदी उलट सांगणार.

जुन्नर भागात मी आणि माझी जाऊ मिळून दुकान चालवतो. सुरुवातीला आम्हीही स्टेशनरी ठेवली होती. जूनमध्ये काउंटरवर ही झुंबड, "काकू दोनशे पानी एकरेघी द्या, काकू ब्राऊन पेपर द्या", आणि त्याच वेळी एखादा शिक्षक किंवा निवृत्त माणूस पुस्तकं बघायला म्हणून येतो, दारातली गर्दी पाहतो आणि चप्पल न काढताच मागे फिरतो. तो परत येत नाही. त्याच्या डोक्यात आपलं दुकान "वह्यांचं दुकान" म्हणून बसतं. वहीवाला चार रुपयांसाठी शेजारी जातो, पुस्तकवाल्याला जायला शेजारच नाही, मग सांभाळायचं कोणाला?

आम्ही स्टेशनरी काढली आणि त्या जागी दोन खुर्च्या ठेवल्या. विक्री आधी पडली, खोटं कशाला बोलू. मग शाळांमुळे सावरली. शाळेत प्रदर्शन लावायचं. १५ ऑक्टोबर वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारी मराठी भाषा गौरव दिन, शिवाय स्नेहसंमेलन. मुख्याध्यापकांना आधी भेटायचं, विक्रीच्या दहा टक्के किमतीची पुस्तकं शाळेच्या ग्रंथालयाला द्यायची असं ठरवायचं. मुलं घरून वीस, पन्नास, फार तर शंभर रुपये घेऊन येतात. चौथीतली मुलगी मूठ उघडते तेव्हा आत घामाने मऊ झालेली नोट असते आणि तिला त्यात मावणारं पुस्तक पाहिजे असतं, चित्रांचं, आणि शेजारणीने घेतलं त्याहून वेगळं. दोनशेचं सुंदर पुस्तक तिथे कोणी उचलत नाही. तीस ते ऐंशी रुपयांतली पुस्तकं ढिगाने न्या. नॅशनल बुक ट्रस्टची मुलांची पुस्तकं या किमतीत बसतात, चित्रंही चांगली असतात. एका बऱ्या शाळेतल्या दोन दिवसांत दुकानाची महिन्याची विक्री होते.

पुठ्ठा
अनुस्वारताई, तुम्ही दोघी आहात. एकीने दुकान बघायचं, एकीने शाळा. वरंधासाहेब एकटे, शटर ओढून शाळेत गेले की त्या दिवशी आलेला माणूस कुलूप बघणार. आणि शाळा जूनमध्ये प्रदर्शन लावू देत नाहीत, मे महिन्यात बंदच असतात. ते दोन महिने काय खायचं?

अनुस्वार
मे महिन्यात सुट्टीला आलेली नातवंडं खायची. 😄 गंमत नाही, खरंच सांगते, मुंबई-पुण्याहून आलेल्या नातवंडांना मोबाईलपासून सोडवायला आजी-आजोबा काहीही घेतात. आमच्याकडे मे महिना ऑक्टोबरच्या खालोखाल आहे.

सदाशिव_पेठी
नातवंडांसाठी घेतलेली पुस्तकं आजोबाच वाचतात, स्वानुभव.

अभ्यासिका_क्र_३
स्पर्धा परीक्षेची पुस्तकं ठेवा की राव. सगळ्यात जास्त तीच खपतात. भोरची, वेल्ह्याची पोरं पुण्यात नवी पेठेत खोल्या करून राहतात, ती शनिवार-रविवारी घरी जातात. पोलीस भरती, तलाठी, ग्रामसेवक, एवढं ठेवलं तरी दुकान पळेल.

खजिनदार
पळेल, आणि पळता पळता एखाद्या दिवशी खड्ड्यात जाईल. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली. त्याआधीचे बहुपर्यायी प्रश्नसंच ज्यांच्याकडे भरून होते त्यांच्याकडे जाऊन बघा, फ्लॅप सुटलेले, "सुधारित आवृत्ती" असं लाल पट्ट्यात लिहिलेले गठ्ठे माळ्यावर पडलेत. रद्दीवाला किलोवर नेतो. स्पर्धा परीक्षेचं पुस्तक दुधासारखं असतं, तारीख उलटली की संपलं. ठेवायचं तर परतीची अट लेखी घेऊन, पाच-पाच प्रती, आणि जाहिरात आल्यावर.

अभ्यासिका_क्र_३
हे मात्र खरंय. माझ्याकडेच दोन संच आहेत जुन्या पॅटर्नचे, कोणाला हवेत का? फुकट.

डोंगरवाटा
कोणी लक्षातच घेत नाहीये की भोर ही भटक्यांची वाट आहे. रोहिडा, रायरेश्वर, पुढे वरंधा घाटातून महाड, दुसऱ्या अंगाने मांढरदेवचा घाट उतरून वाई. पावसाळ्यात शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्यांची रांग लागते. ही माणसं भोरात चहा-मिसळीला थांबतात. किल्ल्यांची पुस्तकं, परिसराचे नकाशे, पक्ष्यांची-फुलांची पुस्तकं दर्शनी ठेवा. गिऱ्हाईक फक्त भोरचंच असणार हे कोणी सांगितलं? आणि वाईला विश्वकोशाचं कार्यालय आहे, ती साहित्याकडे ओढा असलेली माणसं घाटापलीकडेच आहेत.

निनाद७
भिजलेले ट्रेकर पुस्तकं विकत घेत नाहीत, भिजवून जातात.

डोंगरवाटा
आम्ही पुस्तकंही घेतो आणि अंगही पुसतो. क्रम कधी चुकतो एवढंच.

ग्रंथपाल_काकू
सगळे प्रतिसाद वाचले. मी पुणे जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात आहे, त्यामुळे दुकानदाराच्या पलीकडल्या बाजूने लिहिते.

१९६७ च्या कायद्याखाली मान्यता असलेली आमच्यासारखी वाचनालयं तालुक्यात गावोगावी असतात, अ, ब, क, ड वर्गाची. अनुदान येतं त्यातला ठराविक भाग पुस्तकांवर खर्च करावाच लागतो आणि त्यात शासनमान्य यादीतलीही घ्यावी लागतात. मग होतं काय, अनुदान हातात येतं उशिरा आणि खर्च दाखवायचा मार्चअखेर, की सगळ्यांची एकदम धावपळ. त्या वेळी ज्याच्याकडे यादीतली पुस्तकं तयार, बिल स्वच्छ आणि कमिशन बरं, त्याला ऑर्डर जाते. आजवर ती पुण्याला जाते. तुम्ही भोरात बसून ती घेऊ शकता, पण दोन गोष्टी. आम्ही वीस-पंचवीस टक्के मागतो, म्हणजे तुम्हाला पाच-दहाच सुटतील. आणि पैसे लगेच मिळतील अशी आशा धरू नका. ड वर्गाच्या वाचनालयाच्या सचिवांकडे पैसे मागायला गेलात तर ते तुम्हाला चहा पाजतील आणि त्यांच्याच अडचणी सांगतील. वाईट माणसं नसतात हो, खरंच नसतात पैसे.

तरी संबंध ठेवा. कारण वाचक आमच्याकडे येतो आणि विचारतो, "हे मला कायमचं पाहिजे, कुठे मिळेल?" त्याला आम्ही पत्ता कोणाचा द्यायचा?

मोडकी_छत्री
काकू, आमच्या गावच्या वाचनालयात रहस्यकथेच्या शेवटच्या पानावर कोणीतरी आधीच खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं असायचं. त्यामुळेच मी पुस्तकं विकत घ्यायला लागलो. वाचनालयांचं विक्रीला असंही योगदान आहे.

ग्रंथपाल_काकू
लिहिणारा सापडला असता तर वर्गणी दुप्पट केली असती मेल्याची.

शाईचा_डाग
काडी टाकतो. मराठी पुस्तकांच्या दुकानाला ऑनलाइनवाले मारत नाहीत, मराठी प्रकाशक मारतात. प्रकाशनपूर्व सवलत, मग प्रकाशनाच्या दिवशी सवलत, मग प्रदर्शनात सवलत, मग "कोणतंही पुस्तक शंभर रुपये". वाचकाला सवय लागली की छापील किंमत ही खरी किंमत नसतेच. मग दुकानदाराने छापील किमतीला पुस्तक दिलं की तो लुटारू. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव असतो, २०२३ पासून दरवर्षी, गर्दी बघून डोळे निवतात, मीही पिशव्या भरून आणतो. पण त्यानंतर जानेवारी-फेब्रुवारीत गल्लीतल्या दुकानदाराला विचारा.

खजिनदार
अर्धं मान्य. प्रकाशकाची बाजूही बघा. पूर्वी आवृत्ती दोन हजारांची निघायची, मग हजार, आता पाचशे, आणि कित्येक जण तर मागणी आली की तेवढ्याच छापतात. पाचशे प्रतींत कागद, छपाई, बांधणी बसवायची, लेखकाला मानधन द्यायचं आणि वर वितरक-दुकानदाराला मिळून चाळीस-पन्नास टक्के सोडायचे. तो थेट वाचकाला वीस टक्के कमी करून विकतो तेव्हा त्याला दुकानदाराला देण्यापेक्षा जास्तच सुटतात, आणि रोख. का नाही विकणार?

शाईचा_डाग
मग त्याने दुकानदाराकडून "आमची पुस्तकं दर्शनी लावा" ही अपेक्षा तरी करू नये.

अनुस्वार
+१ यावर मात्र.

गवतीचहा
फुटपाथवर प्लास्टिकच्या कागदावर मांडलेली ती निम्म्या किमतीची पुस्तकं, त्यांच्याबद्दल कोणी बोलणार आहे का? मी एकदा घेतलं, मधली सोळा पानं दोनदा होती आणि पुढची सोळा नव्हतीच. नायिका कुठे गेली कळलंच नाही.

शाईचा_डाग
बनावट प्रती त्या. कॉपीराइट कायद्यात सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत शिक्षा आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड आहे. वरंधा, तुमच्याकडेही असा माल घेऊन माणूस येईल, साठ टक्के कमिशन देतो म्हणेल. छपाई फिकट, कागद पातळ, अक्षरं कडेला तिरकी. दारातूनच नमस्कार करा.

पोस्टमनचा_नातू
भोरात बसून पुस्तकं बाहेरही पाठवता येतील. पूर्वीची रजिस्टर्ड बुकपोस्ट डिसेंबर २०२४ मध्ये बंद केली तेव्हा छोटे विक्रेते फार वैतागले होते. मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आली आहे, तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि पाच किलोपर्यंत शंभर, ट्रॅकिंगही आहे. जमिनीवरून जातं त्यामुळे वेळ लागतो, पण कुरिअरच्या मानाने पुष्कळ स्वस्त. गावाबाहेर गेलेले भोरकर किती आहेत बघा, त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा, "गावच्या दुकानातून घ्या" म्हटलं की लोक घेतात. निदान पहिल्या वर्षी तरी.

निनाद७
भावनेवर पहिलं वर्ष जातं हे तुम्हीच लिहिलंत, माझं काम वाचलं.

पुठ्ठा
निनादराव, तुमच्या प्रत्येक प्रतिसादात दुकान बंद पडतं. एकदा या आमच्याकडे.

वरंधासाहेब, दोन-तीन गोष्टी ज्या हिशोबात येत नाहीत त्या सांगतो. एक, काउंटरवर एक वही ठेवा. ज्यात गिऱ्हाईकाने मागितलेलं आणि आपल्याकडे नसलेलं पुस्तक लिहायचं, माणसाचं नाव, फोन, तारीख. संध्याकाळी त्या वहीवरून ऑर्डर काढायची, आपल्या आवडीवरून नाही. मला स्वतःला कविता आवडते, पण माझ्या वहीत शेळीपालन, वास्तू, घरगुती औषधं, गरोदरपण, वक्तृत्वाची भाषणं आणि सूत्रसंचालन हेच येत राहतं. सूत्रसंचालनाचं पुस्तक विकताना कमीपणा वाटून घेऊ नका, तोच माणूस पुढच्या वर्षी निवेदनात म्हणायला म्हणून कवितासंग्रह नेतो. मी पाहिलंय.

दोन, पाऊस. भोरचा पाऊस तुम्हाला मी काय सांगायचा. ऑगस्टमध्ये बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या फळीवरची पुस्तकं हातात घेतली की पुठ्ठा फुगलेला लागतो, लॅमिनेशनला फोड आलेले असतात, आणि आत पानांच्या कडेला पिवळी रेघ. प्रकाशक असा माल परत घेत नाही. रॅक भिंतीपासून चार बोटं पुढे, तळाची फळी जमिनीपासून वीतभर वर. लाकडापेक्षा लोखंडी बरे, वाळवीची भीती नाही. कसर लागते तिला डांबरगोळ्या किंवा वेखंड. आणि आठवड्याला एकदा प्रत्येक फळी रिकामी करून पुसायची, कंटाळा येतो, पण तेव्हाच कळतं कोणतं पुस्तक वर्षभर हललेलं नाही.

तीन, दिवाळी अंक. ठेवा, शोभा येते, माणसं आत येतात. पण तुळशीच्या लग्नानंतर पुऱ्या किमतीला कोणी विचारत नाही. थोडेच मागवा आणि उरलेल्यांची वाचक योजना करा, ठराविक रक्कम भरा आणि पुढचे दोन-तीन महिने पाळीपाळीने सगळे अंक वाचा.

मोडकी_छत्री
"हललेलं नाही" मधे माझ्या मित्राचा कवितासंग्रह असणार. हललेलं म्हणता येईल असं एकच झालं, भूकंपात.

गवतीचहा
वाचक योजना वरून आठवलं, दुकानातच छोटं वाचनालय काढलं तर? दीडशे रुपये महिना वगैरे.

ग्रंथपाल_काकू
आमच्या पोटावर पाय! 😀 पण सांगते, नको. विक्रीचं पुस्तक एकदा घरी जाऊन आलं की विक्रीचं राहत नाही. आणि चार लोक परत आणायचे विसरले की तुम्ही त्यांच्या घरी फेऱ्या मारणार.

अनुस्वार
उभं राहून वाचू द्या मात्र. आमच्याकडे एक मुलगा शाळा सुटल्यावर यायचा आणि एकच जाडजूड कादंबरी रोज दहा-पंधरा पानं वाचायचा, खुणेला एसटीचं तिकीट घालून ठेवायचा. जाऊ वैतागायची, प्रत मळते म्हणून. शेवटी त्याच्या वडिलांनी ती घेतली, आणि वर आणखी दोन. नसती घेतली तरी चाललं असतं, असं मी म्हणते, जाऊ अजून म्हणत नाही.

सदाशिव_पेठी
आमच्याकडे "पुस्तके वाचून पाहू नयेत, पाहून वाचावीत" अशी पाटी लागली असती.

डोंगरवाटा
भिलारला जाऊन या वरंधा. पाचगणीजवळचं पुस्तकांचं गाव, २०१७ मध्ये सुरू झालं. घराघरांत पुस्तकं मांडलीत, फुकट वाचा. मांढरदेववरून वाई, पुढे पसरणी घाट, एका दिवसात होतं.

निनाद७
तिथे सरकार मागे आहे आणि विकायचं दडपण नाही. यांच्या मागे बायको आहे. फरक आहे.

वरंधा
बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. हिने सगळा धागा वाचला, खजिनदारांचा प्रतिसाद दोनदा, आणि निनादरावांना नमस्कार सांगितलाय.

खजिनदारांचं भाड्याचं गणित मला, बँकेत आयुष्य घालवूनही, पटायला दोन दिवस लागले. पटलं. आता असं ठरतंय. गाळा लगेच पूर्ण भरायचा नाही. जूनच्या शाळेच्या गर्दीत पडायचंच नाही, सप्टेंबरअखेर सुरू करायचं, म्हणजे १५ ऑक्टोबर, दिवाळी अंक आणि पुढचा मार्च एका रांगेत मिळतात. मालाला आधी दीड लाखच, त्यातला जवळपास निम्मा मुलांच्या स्वस्त पुस्तकांचा. उरलेला पुठ्ठासाहेबांची वही भरेल तसा. हिची बहीण भोरात शिक्षिका होती, निवृत्त आहे, ती शाळांचं बघायला तयार आहे, तेव्हा शटर ओढायला लागू नये. सूट कोणालाच नाही, मुलांना सोडून. यावर वाद होणार हे माहीत आहे.

वह्या नाहीत. यावर मी ठाम. रंगपेट्या आणि चित्रकलेची वही एवढ्यापुरता पुठ्ठासाहेबांपुढे झुकतो. हिशोब दर महिन्याला काढणार आणि पुढच्या दिवाळीला भाडं धरून तोट्यात असलो तर मोबाईलवाल्याला फोन करणार, तोपर्यंत तो थांबला असेल तर.

खजिनदार
सूट न देणं पहिल्या दिवसापासून पाळा. एकाला दिलीत की संध्याकाळपर्यंत बाजारपेठेत कळतं. आणि दीड लाखाचा माल एकाच वितरकाकडून उचलू नका, तो त्याच्या गोडाऊनमधला न हललेला माल तुमच्या गठ्ठ्यात सारेल. कोणाकडे जायचं आणि कोणाकडे नाही ते व्यनि (खासगी निरोप) करतो.

शाईचा_डाग
सूट नाही म्हणालात, मनापासून आवडलं. पहिलं पुस्तक मी छापील किमतीला घेणार.

सदाशिव_पेठी
मीही येईन. बघायला.

पुठ्ठा
झुकलात हे पुष्कळ झालं. आठवडी बाजाराच्या दिवशी दुकान सकाळी लवकर उघडा, खेड्यांवरची माणसं दुपारच्या एसटीने परतात, त्यांच्यासाठी शेतीची पुस्तकं दाराजवळ. आणि फर्निचर करण्याआधी गाळ्याची कोणती भिंत पावसाची आहे ते बघून घ्या.

वरंधा
उजवीकडची. तिच्या पलीकडे शेजाऱ्यांची न्हाणी आहे, बाराही महिने ओल.

पुठ्ठा
मग तिकडे रॅकच नको. टेबल-खुर्ची टाका, तुम्ही बसा.

अभ्यासिका_क्र_३
नाहीतर माझे दोन संच ठेवा तिथे.